जमिनीवरची बेटे

चोहो बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट, ही व्याख्या आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकतो. परंतु आपल्या मराठी भाषेत 'बेट' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. बांबूंचा दाट पुंजका उभा असला, की आपण त्यास 'बांबूचे बेट' म्हणतो. त्या बेटाभोवती पाणी नसते, उघडी जमीन असते. ज्याच्या भोवती त्याच्यासारखे दुसरे काही नाही, जे एकटे आणि वेगळे उभे आहे, तेही बेटच होय. हा दुसरा अर्थ ध्यानात ठेवला, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतही बेटे आहेत, हे ऐकून कोणास नवल वाटणार नाही. ती बेटे आहेत रानांची, आणि त्यांच्या भोवतीचा समुद्र आहे शेतांचा, गावांचा व रस्त्यांचा.

या बेटांवर कोणते वन्य सस्तन प्राणी राहतात, कोठे ते पुष्कळ आहेत व कोठे थोडे, आणि असे का व्हावे, याचा विचार आपल्याला या पाठात करावयाचा आहे. मात्र जमिनीवरची बेटे समजून घेण्यासाठी आधी खऱ्याखुऱ्या समुद्रातील बेटांवर एक फेरी मारून आले पाहिजे.

समुद्रात एखादे बेट नव्याने वर आले, तर तेथे जीवसृष्टी कशी पोहोचते? नारळ लाटांवर तरंगत येतो. गवताचे हलके बी वाऱ्यावर उडत येते. पक्षी पंखांच्या बळावर येतात, आणि त्यांच्या पायांस लागलेल्या चिखलातून आणखी काही बिया येतात. परंतु पिलांना दूध पाजून वाढविणारे जे सस्तन प्राणी, त्यांच्यापुढे मोठीच अडचण उभी राहते. हरिणास पंख नाहीत. अस्वलास कित्येक दिवस अन्नपाण्यावाचून लाटांवर तरंगता येत नाही. म्हणून दूरच्या बेटांवर सस्तन प्राणी फार थोडे आढळतात. आणि जे आढळतात, त्यांत बहुधा उडणारी वटवाघळे असतात. न्यूझीलंड हा केवढा तरी मोठा देश! पण माणूस तेथे प्रथम पोहोचला, तेव्हा किनाऱ्यावर येणारे सील सोडले तर तेथील सस्तन प्राणी म्हणजे काय ती वटवाघळेच होती. आपल्या अंदमान बेटांवर घनदाट अरण्ये आहेत, पाऊसही विपुल आहे. तरी तेथे वाघ नाही, बिबट्या नाही, अस्वल नाही आणि गवाही नाही. तेथील मूळच्या सस्तन प्राण्यांत मुख्य भरणा आहे तो वटवाघळांचा, चिचुंदऱ्यांचा आणि उंदरांचा.

एकदा एखादी जात बेटावर अडकली, की पिढ्यान्‌पिढ्या ती वेगळी होत जाते. आफ्रिकेच्या पूर्वेस असलेल्या मादागास्कर बेटावर लेमूर नावाचे वानरकुळीचे प्राणी राहतात. मादागास्कर व त्याच्या जवळची काही लहान बेटे सोडली, तर जगातील दुसऱ्या कोणत्याही रानात ते आढळत नाहीत. भूमध्य समुद्रातील सिसिली आणि माल्टा या बेटांवर प्राचीन काळी एक प्रकारचे हत्ती राहत असत. त्यांची हाडे सापडली आहेत. त्या हत्तींची पूर्ण वाढ झाल्यावरची उंची अवघी एक मीटरच्या आसपास होती! थोड्या जागेत, थोड्या चाऱ्यावर जगता जगता हत्तीसारखा महाकाय प्राणी वासराएवढा झाला.

सन १९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी बेटांवरील जीवसृष्टीविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मांडलेला विचार दुकानदाराच्या जमाखर्चासारखा सरळ आहे. बेटावर बाहेरून नव्या जाती येत राहतात, ती जमा. बेटावरील काही जाती नष्ट होत राहतात, तो खर्च. बेट मोठ्या भूमीच्या जवळ असेल, तर जमा अधिक. बेट लहान असेल, तर खर्च अधिक. कारण लहान जागेत प्राण्यांची संख्या मुळातच थोडी असते, आणि एखाद्या दुष्काळाने अथवा रोगाने ती सगळीच्या सगळी नाहीशी होऊ शकते. म्हणून मोठ्या व जवळच्या बेटावर पुष्कळ जाती नांदतात, लहान व दूरच्या बेटावर थोड्या.

या हिशेबात माणसाने हात घातला म्हणजे काय होते, तेही अंदमानातच दिसते. इंग्रजांच्या राजवटीत तेथे चितळे नेऊन सोडण्यात आली. ती पोहत गेली नव्हती, जहाजाने गेली होती. तेथे त्यांना खाणारा वाघ नव्हता. त्यामुळे त्यांची संख्या भराभर वाढली, आणि उगवती रोपे ती खाऊन टाकू लागल्याने अरण्याचीच हानी होऊ लागली. चितळ हा दुष्ट प्राणी नव्हे. पण ज्या घरात कोणी 'पुरे' म्हणणारा नसतो, तेथे जे होते, ते त्या बेटांवर झाले.

बेटे केवळ समुद्रच निर्माण करतो असे नाही. नदीस धरण बांधले, पाणी चढू लागले, की दऱ्या बुडतात आणि डोंगरांचे माथे बेटांप्रमाणे वर राहतात. थायलंड देशात १९८६-८७ च्या सुमारास एका धरणाच्या पाण्याने अरण्यातील शंभराहून अधिक टेकड्या अशा वेगळ्या केल्या. शास्त्रज्ञांनी त्यांपैकी काही टेकड्यांवरील लहान सस्तन प्राण्यांची पुनःपुन्हा गणना केली. सुमारे पंचवीस वर्षांनी काय दिसले? झाडे उभी होती, पाणी तर सभोवार होते. पण तेथील मूळचे छोटे सस्तन प्राणी जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि बाहेरून आलेल्या एका जातीच्या उंदराने तेथे आपले राज्य मांडले होते. दुरून पाहणाऱ्यास ते रान हिरवेगारच वाटले असते. रान हिरवे दिसते एवढ्यावरून ते भरलेले आहे असे समजू नये, हा धडा त्या टेकड्यांनी जगास दिला.

आता आपण आपल्या मुलखात परत येऊ.

सातारा व सांगली या जिल्ह्यांचा नकाशा समोर ठेवा. पश्चिमेस सह्याद्रीची उंच भिंत आहे. तेथे महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके आहेत. तेथे सह्याद्रीच्या पावसाचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो; झाडे विरळ, माळ विस्तीर्ण. या दोहोंच्या मध्ये कृष्णाकाठची काळी कसदार जमीन आहे. वाई, कराड, इस्लामपूर, सांगली अशी गजबजलेली गावे याच पट्ट्यात वसली आहेत. येथे उसाचे हिरवे मळे दूरवर पसरले आहेत, साखर कारखान्यांची धुराडी उभी आहेत, आणि पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर रात्रंदिवस वाहने धावत आहेत. रानातील प्राण्यांच्या दृष्टीने हा पट्टा म्हणजे एक समुद्र आहे. या समुद्राच्या पश्चिम कडेला एक फार मोठे बेट आहे, आणि ऐन मध्ये एक फार लहान.

मोठे बेट म्हणजे कोयना व चांदोली यांचे अरण्य. कोयना अभयारण्य सातारा जिल्ह्यात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयालगत आहे. चांदोलीचे अरण्य वारणा नदीच्या उगमाकडील डोंगरांत असून २००४ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० साली ही दोन्ही अरण्ये मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. भोवतालच्या पट्ट्यासह त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कोयना, चांदोली, राधानगरी व कासचे पठार यांचा समावेश आहे.

या मोठ्या बेटावर सस्तन प्राण्यांचे केवढे वैभव आहे, पाहा. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा गवा येथे कळपाने चरतो. त्याचा पूर्ण वाढलेला नर पाऊण टनाहूनही जड असू शकतो. त्याच रानात, पडलेल्या पानांमधून पाऊल न वाजविता पिसोरी हिंडते. ती हरिणासारखी दिसते, पण अंगाने सशाहून फारशी मोठी नसते आणि बहुधा रात्रीच बाहेर पडते. सांबर, भेकर व रानडुक्कर आहेत. त्यांची शिकार करणारा बिबट्या आहे, आणि शीळ घालून एकमेकांस खुणावणारी रानकुत्र्यांची टोळी आहे. वारुळे फोडून वाळवी चोखणारे अस्वल आहे, अंगावर खवल्यांचे चिलखत घातलेले खवले मांजर आहे, काटे खडखडविणारे साळिंदर आहे, फळांवर ताव मारणारे उदमांजर आहे. झाडांच्या शेंड्यांवर महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू उड्या मारीत असतो. गुहांतून आणि ढोलींतून वटवाघळांच्या वसाहती आहेत. जागा मोठी, पाऊस भरपूर, झाडे नाना प्रकारची. म्हणून गव्यापासून वटवाघळापर्यंत सर्वांस तेथे घर मिळाले.

आता लहान बेट पाहू. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली याच गावी झाला. गावाजवळच सागरेश्वराची प्राचीन देवळे आहेत, आणि देवळांलगतच्या डोंगरावर सागरेश्वर अभयारण्य आहे. काही दशकांपूर्वी हा डोंगर उजाड होता. कुऱ्हाडीने झाडे तोडली होती आणि मोकाट गुरांनी अंकुर खाल्ले होते. मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी हा डोंगर पुन्हा हिरवा करण्याचा ध्यास घेतला. वन खाते व गावकरी यांच्या साहाय्याने तेथे रोपे लावली गेली, ती राखली गेली, डोंगरास कुंपण झाले आणि बाहेरून आणलेली हरणे तेथे सोडण्यात आली. १९८५ साली त्यास अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. आज तेथे चितळे व सांबरे आहेत, काळवीट आहेत, भेकरे, रानडुकरे व साळिंदरे आहेत. माणसाने रान तोडल्याच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. माणसाने रान उभे केल्याची ही कथा आपल्या जिल्ह्यातली आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

तथापि अभिमान बाळगावा, आणि हिशेबही करावा. सागरेश्वराचे क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प त्याच्याहून शंभरपटींनी मोठा आहे. सागरेश्वरास बारमाही वाहणारा ओढा नाही; उन्हाळ्यात तेथील पाणवठे माणसाने भरावे लागतात. सभोवार कुंपण व शेते असल्यामुळे बाहेरचे हरिण आत येणे आणि आतले बाहेर जाऊन दुसऱ्या रानात पोहोचणे कठीण. म्हणजे मॅकआर्थर व विल्सन यांच्या हिशेबवहीत 'जमा' या बाजूस जवळजवळ शून्य!

यातून दोन अडचणी उद्भवतात. पहिली अडचण अंदमानच्या चितळांची आहे. वाघ नसेल तेथे हरणे वाढतात, चारा कमी पडू लागतो, आणि भुकेलेले प्राणी कुंपणातील फटी शोधून शेजारच्या पिकांत शिरतात. मग ज्या शेतकऱ्याने रात्रंदिवस राबून पीक उभे केले, त्यास दुःख होते, आणि ते रास्तच आहे. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे सोयरीक जुळविताना एकाच कुळातील स्थळ वर्ज्य मानतात आणि परगावचे स्थळ पाहतात. रानातही तरुण नर बहुधा आपला जन्माचा कळप सोडून दूर जातो. कुंपणात अडकलेल्या थोड्या प्राण्यांना ही सोय राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात संतती होत गेली, तर ती दुर्बळ होण्याचा आणि एकाच रोगास सर्वांनी बळी पडण्याचा धोका वाढतो. जे कुंपण हरणांचे रक्षण करते, तेच त्यांना कोंडूनही ठेवते.

मग अशा बेटांतील वाट कशी काढावी? एक उपाय माणसाने हाताने केला आहे. अलीकडच्या वर्षांत सागरेश्वरातील काही चितळे पकडून, गाडीत घालून, चांदोलीच्या अरण्यात सोडण्यात आली. सागरेश्वरावरचा भार थोडा हलका झाला, आणि चांदोलीतील शिकारी प्राण्यांना भक्ष्य मिळाले. हा उपाय चांगला आहे, परंतु खर्चाचा व कष्टाचा आहे. प्राण्यांनी आपल्या पायांनी चालत जावे, यासारखे उत्तम काही नाही. ते कसे घडते, हे एका वाघाने दाखवून दिले.

शिवसागराच्या पलीकडे, दाट झाडीत वासोटा किल्ला आहे. त्याचे दुसरे नाव आहे व्याघ्रगड. नावावरूनच कळते की हा वाघांचा मुलूख होता. पुढे मात्र येथे वाघाचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले. मे २०१८ मध्ये रानात लावलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने एका वाघाचे छायाचित्र टिपले, तेव्हा वन्यप्रेमी लोकांना मोठा आनंद झाला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत एक नर वाघ कॅमेऱ्यासमोरून गेला. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्या कोणाशी जुळत नाही, तसे एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. अभ्यासकांनी ते पट्टे ताडून पाहिले, तेव्हा तोच वाघ २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीच्या अरण्यात दिसला होता असे आढळले. राधानगरी ते चांदोली हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर! गावे, शेते व घाटरस्ते चुकवीत, सह्याद्रीच्या माथ्यावरील झाडीचा आधार घेत तो वाघ आला होता.

ओढा ओलांडताना आपण मधल्या दगडांवर पाय ठेवीत जातो. दगड नसते तर पलीकडचा काठ समोर दिसूनही जाता आले नसते. राधानगरी व चांदोली यांच्या मध्ये गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड यांच्या परिसरातील राने अशी दगडांसारखी आहेत. २०२० च्या सुमारास शासनाने या रानांस संवर्धन राखीव क्षेत्रे म्हणून संरक्षण देण्यास आरंभ केला. दक्षिणेकडे हीच रांग तिलारीवरून गोवा व कर्नाटकातील अरण्यांस जाऊन मिळते. या वाटेने नर वाघ येतात, परंतु वाघिणी सहसा आपल्या जन्मस्थानापासून फार दूर जात नाहीत. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाहून एक वाघीण मुद्दाम चांदोलीत आणण्यात आली. एका वाघास वर्षाकाठी सुमारे पन्नास मोठी जनावरे खावयास लागतात असा ठोकताळा आहे. यावरून वाघ राहावयाचा तर रान किती मोठे व किती भरलेले असावे लागते, हे ध्यानात येईल.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. प्रत्येक प्राण्याचा समुद्र वेगळा असतो. बिबट्यास उसाचा मळा हा समुद्र वाटतच नाही. तो त्यात लपतो, आणि मादी तेथे पिलेही वाढविते. ऊसतोडीच्या दिवसांत अशी पिले सापडल्याचे आपण ऐकतोच. लांडगा व खोकड यांना दाट अरण्य नकोच असते. त्यांचे घर माण-जतकडील उघडा माळ. त्या माळावर सरसकट दाट झाडे लावली, तर आपण त्यांचे बेट बुडविले असे होईल. शेकरूची तऱ्हा याहून निराळी. तो जमिनीवर उतरण्यास नाखूश असतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारीतच तो फिरतो. त्याच्या रानातून रुंद रस्ता गेला आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींस भेटेनाशा झाल्या, तर तेवढा रस्ताही त्यास समुद्राएवढा होतो. म्हणून 'रान थोडेसेच तोडले' असे म्हणण्यापूर्वी, कोणाच्या वाटेवरचे तोडले, हे विचारले पाहिजे.

रान राखण्याची किंमत माणसांनीही मोजली आहे. कोयना व वारणा या नद्यांवरील धरणांसाठी आणि पुढे चांदोलीच्या अरण्यासाठी डोंगरातील अनेक गावांनी आपली घरे, देवळे आणि वडिलोपार्जित शेते सोडली. आजही रानाच्या कडेच्या शेतात गवे आणि रानडुकरे शिरतात. या नुकसानीची भरपाई देण्याचे शासनाचे नियम आहेत. ती वेळेवर व पुरेशी मिळणे हा रान राखण्याचाच एक भाग होय. ज्याच्या अंगणात वाघ आहे, त्याचे दुःख दूर शहरात बसून कळत नाही. त्या गावकऱ्यांस सोबत घेतल्याखेरीज कोणतेही बेट टिकणार नाही.

कोणी म्हणेल, 'आम्ही उसाच्या पट्ट्यात राहतो; त्या दूरच्या रानाशी आमचा काय संबंध?' त्याने आपल्या पाटाच्या पाण्याकडे पाहावे. कोयना, वारणा आणि कृष्णा या तिन्ही नद्या सह्याद्रीच्या रानांतून येतात. तेथील झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात आणि ओढ्यांतून ते हळूहळू सोडतात. त्या झाडांच्या बिया खाऊन दूरवर टाकणारे वटवाघूळ, उदमांजर आणि अस्वल हे त्या रानाचे न सांगता राबणारे माळी आहेत. समुद्रातील बेट समुद्राच्या पाण्यावर तगत नाही. पण आपल्याकडे मात्र समुद्रास पाणी पुरविते ते बेटच!

गावाभोवतीची देवराई, ओढ्याकाठची करंज-उंबराची रांग, बांधावरचे जुने झाड, हे सर्व त्या ओढ्यातील दगडांसारखे आहे. एखाद्या रात्री त्यांच्या आधाराने कोणी तरी एका रानातून दुसऱ्या रानात जात असेल. आपल्याला तो दिसणार नाही. सकाळी ओल्या मातीत उमटलेले त्याचे पाऊल तेवढे दिसेल. ते पाऊल दिसत राहील तोवर आपली बेटे एकमेकांस जोडलेली आहेत, असे समजावे.

शब्दार्थ

विपुल – पुष्कळ, भरपूर
भरणा – अधिक प्रमाण, भरती
उजाड – झाडेझुडपे नसलेला, ओसाड
रास्त – योग्य, न्याय्य
वर्ज्य – टाळण्याजोगे, निषिद्ध
भक्ष्य – खाद्य. शिकारी प्राण्याचे अन्न
ठोकताळा – अनुभवावरून बांधलेला स्थूल अंदाज
वडिलोपार्जित – पूर्वजांकडून मिळालेले

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) 'बेट' या शब्दाचे कोणते दोन अर्थ पाठात सांगितले आहेत?
(आ) दूरच्या बेटांवर वटवाघळे आढळतात, परंतु हरणे सहसा आढळत नाहीत. असे का?
(इ) थायलंडमधील टेकड्यांनी जगास कोणता धडा दिला?
(ई) चांदोलीत दिसलेला वाघ राधानगरीहून आला, हे अभ्यासकांनी कसे ओळखले?

२. कारणे द्या.
(अ) सागरेश्वराच्या हिशेबवहीत 'जमा' या बाजूस जवळजवळ शून्य आहे.
(आ) माळावर सरसकट दाट झाडे लावणे योग्य नव्हे.
(इ) रुंद रस्ता शेकरूस समुद्रासारखा वाटतो.

३. 'जे कुंपण हरणांचे रक्षण करते, तेच त्यांना कोंडूनही ठेवते.' या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. कोयना-चांदोली व सागरेश्वर या दोन 'बेटां'ची तुलना क्षेत्र, पाणी, प्राणी आणि इतर रानांशी असलेला संबंध या चार मुद्द्यांच्या आधारे करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : ध्यास घेणे, ताव मारणे, बळी पडणे, ताडून पाहणे.

६. आपल्या गावाचा एक साधा नकाशा काढा. त्यात देवराई, ओढा, माळ, मोठी झाडे व रस्ते दाखवा. त्यांपैकी कोणकोणत्या जागा रानातील प्राण्यांना 'ओढ्यातील दगडां'प्रमाणे उपयोगी पडत असतील, ते वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा.